तिसऱ्या टाकीची चव

मी पाणी पिऊन पगार घेते. कुणी काय करतेस म्हणून विचारलं की मी हेच सांगते, आणि समोरचा हसला की मला बरं वाटतं. पण गोष्ट खरी आहे. जलशुद्धीकरण केंद्रात रोज सकाळी साडेनऊला आम्ही तिघं जण एका पांढऱ्या टेबलाशी बसतो. समोर आठ पेले, प्रत्येकात शहराच्या एकेका भागातलं पाणी, तेही कोमट केलेलं, कारण गार पाण्यात खोट लपते. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि कागदावर एक शब्द लिहायचा. मातकट, गंजकट, शेवाळी, मचूळ, औषधी. काहीच खोट नसेल तर गोड. आठही पेल्यांसमोर ‘गोड’ लिहिलं गेलं की साहेब खूश असतात आणि दिवसभर आमचा फोन वाजत नाही.

मला जिथे तिथे नाक खुपसायची सवय आहे. शेजारच्यांच्या कुकरला तीन शिट्ट्यांऐवजी चार का झाल्या, याचाही मी विचार करते. आई म्हणते हा गुण मामाकडून आलाय.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. साठीला दोन वर्षं कमी. गेली पस्तीस वर्षं तो वोडकाच्या एका छोट्या कारखान्यात आहे. त्याचं काम एकच, प्रत्येक टाकीतली वोडका हुंगायची, चाखायची आणि कागदावर सही करायची. त्याची सही झाल्याशिवाय एक बाटली भरली जात नाही. घरात त्याला सगळे नाकमामा म्हणतात. तो यायचा असला की आई सुगंधी साबण कपाटात कोंडून ठेवायची. एकदा दारातच उभा राहून म्हणाला की वरच्या मजल्यावर कुणीतरी रंग देतंय आणि तुमचा गॅस किंचित गळतोय. दोन्ही खरं निघालं. त्यानं लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, बायको अत्तर लावणार, मग मी काम कसं करू? हे खरं कारण होतं की लोकांना गप्प करायची युक्ती होती, ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी बऱ्याचदा विचारलंय.

आणि गंमत अशी की वोडकात आयुष्य काढलेल्या या माणसानं तिचा एक घोट कधी गिळला नव्हता. चाखायची आणि थुंकायची. गिळली की जीभ झोपते, असं त्याचं म्हणणं. घरी तर बाटलीच नसायची. सुट्टीच्या दिवशी सुतार कधी घरात रंधा मारत बसतो का, असं तो उलट विचारायचा.

एका रविवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले. कारखान्याच्या मागेच त्याच्या दोन खोल्या आहेत. जिन्यातच करपलेल्या दुधाचा वास आला. मी धावत वर गेले तर मामा स्वयंपाकघरात गॅसपासून दोन हातांवर खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचत होता. पातेलं काळं पडलं होतं, धूर खिडकीपर्यंत पोचला होता. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, “मामा, दूध.”

त्यानं पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आत्ताच ठेवलंय, असं काहीतरी तो पुटपुटला.

मी पातेलं मोरीत नेलं. पण मी ही अशी, मला राहवेना. पातेलं घासता घासता त्याला म्हटलं, जरा डोळे मिट. त्यानं मिटले. मी फडताळातली व्हिनेगरची बाटली उघडली, त्याच्या नाकाखाली धरली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. त्यानं खोल श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि जपून म्हणाला, “पाणी.”

मग सगळं बाहेर आलं. आठ महिन्यांपूर्वी त्याला सर्दी-ताप झाला होता. सर्दी गेली ती जाताना वास घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले परत येईल, नाहीतर येणारही नाही. जिभेवर खारट, आंबट, कडू एवढंच ढोबळ कळायचं, बाकी सगळा कारभार ठप्प. मामानं कुणाला सांगितलं नाही. तोच गहू, तीच विहीर, त्याच टाक्या. यंत्रावरचे आकडे बघून आणि पस्तीस वर्षांच्या आठवणीवर तो सह्या करत राहिला. कुणाची तक्रार आली नाही, पण रात्री झोप लागत नव्हती म्हणाला.

आता मात्र गाडी अडली होती. येत्या गुरुवारी कारखान्यात एका खास बाटलीसाठी वोडका निवडायची होती. तीन टाक्या तयार होत्या. पहिल्या दोन नव्या यंत्रावर भरभर गाळलेल्या आणि तिसरी मामानं स्वतः, जुन्या पद्धतीनं, कोळशातून थेंब थेंब गाळलेली. निवड मामा करणार आणि त्याची सही प्रत्येक बाटलीवर छापली जाणार. यंदाचा गहू वेगळ्या शेतातला होता, त्यामुळे आठवणीवर भरवसा ठेवायची सोय नव्हती.

मी म्हटलं, मग तिसरी निवडून मोकळा हो, तुझीच आहे. यावर तो एवढा चिडला की मला जुना मामा सापडल्यासारखं वाटलं. माझी आहे म्हणून चांगली, असं लिहिणारा मी नव्हे, म्हणाला. आणि कारखान्याच्या मालकिणीला खरं सांगितलं तर, मी विचारलं. मामा हसला. “नाक नसलेल्या नाकवाल्याला ठेवून काय करतील? पस्तीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही गं.”

मग पातेल्याकडे बघत म्हणाला, “तुझी जीभ मला चार दिवस उसनी दे.”

मी तोवर वोडका चाखली नव्हती. मला मामाची कीव आली म्हणून मी हो म्हटलं, असं सांगितलं तर ते अर्धंच खरं ठरेल. उरलेलं अर्धं कुतूहल होतं. जिला रंग नाही, वास नाही, चव नाही असं सगळे म्हणतात, तिच्यात चांगलं-वाईट निवडायचं ते काय? अगदी हाच प्रश्न लोक मला पाण्याबद्दल विचारतात आणि मी वैतागते. म्हणून मला याचं उत्तर हवंच होतं. मी गुरुवारपर्यंत रजा टाकली.

सोमवारी मामा दुकानातून पाच बाटल्या घेऊन आला. दुकानदार त्याला ओळखतो. तो म्हणे आधी हसला, मग त्यानं काळजीनं घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. मामानं घरी येऊन सगळी लेबलं गरम पाण्यात भिजवून काढली आणि बाटल्यांवर खडूनं आकडे घातले. लेबल बघशील तर लेबलच चाखशील, म्हणाला.

शिकवणी साडेदहाला सुरू व्हायची. नाश्ता पचलेला आणि जेवणाची भूक लागायची असते, तेव्हा जीभ सगळ्यात शहाणी असते म्हणे. खिडकी उघडी, टेबलावर साधा पाव, पाण्याचा तांब्या आणि थुंकायला बादली. सकाळी साडेदहाला वोडका घेऊन बसलेली भाची आणि समोर वही घेऊन बसलेला मामा. शेजारीण काहीतरी मागायला दारात आली आणि न मागताच परत गेली.

पहिला धडा असा, की वोडका गार करायची नाही. मामा म्हणाला, जो बर्फात पुरून ठेवलेली वोडका पाजतो तो बहुधा काहीतरी लपवत असतो. गारठ्यानं जीभ बधिर होते आणि भलीबुरी सगळी सारखीच लागते. मी टेबलावर थाप मारली, कारण आमचं कोमट पाणी ते हेच. दुसरा धडा, वोडका असेल तेवढंच पाणी घालायचं, म्हणजे भाजणं कमी होतं आणि मागे दडलेलं पुढे येतं. तिसरा, तळहातावर दोन थेंब घेऊन हात चोळायचे आणि ओंजळ नाकाशी न्यायची. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर नाकाला झोंबतं. हे मी ऐकलं नाही आणि पहिल्या वासालाच डोळ्यांतून पाणी काढलं. मामाला फार आनंद झाला.

पहिल्या घोटाला ठसका लागला. दुसऱ्याला जरा कळलं. पहिल्या बाटलीला नखांचा रंग पुसायच्या औषधाचा वास होता. दुसरीला ओल्या पुठ्ठ्याचा. मामानं समजावलं की दारू वाफेतून उतरते तेव्हा आधी येतं ते डोकं, शेवटी येतं ती शेपूट. दोन्ही कापून मधलं तेवढं ठेवायचं. हावरट माणूस कापायला घाबरतो. म्हणजे पहिलीत डोकं राहिलंय आणि दुसरीत शेपूट. मला इतकी मजा वाटली की मी दोन्ही बाटल्या पुन्हा हुंगल्या, आणि त्या पातळ पाण्यासारख्या दिसणाऱ्या बाटल्यांमागे मला दोन हावरट माणसं दिसायला लागली.

मी विचारलं, तुझे ठरलेले शब्द कुठले ते सांग, मी तेच लिहीन. मामा नको म्हणाला. “शब्द तुझेच लिही. माझे घेतलेस तर माझंच मत मला परत देशील.”

तिसरी बाटली मला मचूळ लागली. खोट नाही, पण जीवही नाही, पोकळ. मामानं तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि वहीत लिहून ठेवला. चौथी जिभेवर गुळगुळीत होती, पण घोट थुंकल्यावर ओठ चिकटले. मी गुळचट म्हटलं आणि मामा खो खो हसला. साखर घातलीय, म्हणाला. खरखरीत वोडका गळ्याखाली उतरवायची ही चलाखी, वांगावर पावडर थापल्यासारखी. त्याच्या लेखी याहून मोठं पाप नव्हतं.

पाचवी बरी होती. तिच्यात थुंकल्यानंतर सावकाश गहू यायचा. मी असं म्हणताच मामा पुढे झुकला. कसला गहू, पोत्यातला की दळलेला? मी म्हटलं, दळलेला. गिरणीतून आणल्या आणल्या डबा गरम असतो तेव्हाचा की गार झाल्यावरचा? मी पुन्हा घोट घेतला आणि म्हटलं, गरम. तो डोळे मिटून बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मला सरळ सरळ भूक दिसली, आणि मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी प्रत्येक वास त्याला दोन वाक्यांऐवजी दहा वाक्यांत सांगायला लागले.

बुधवारी मी विचारलं की माझ्यासारख्या साध्या माणसानं, मजेसाठी, चांगली वोडका प्यायची कशी? मामा म्हणाला, छोटा पेला, फार गार नाही, घाई नाही, बरोबर पावाचा तुकडा आणि बोलायला आवडीचं माणूस. एकापुढे दुसरा पेला घेताना विचार करायचा. आणि वर म्हणाला, “असं ऐकलंय. मला काय माहीत, मी कधी प्यायलोय?”

गुरुवारी मी पांढरा सदरा घालून मामाबरोबर कारखान्यात गेले. चाखायची खोली लहान आहे, भिंतींना पांढऱ्या फरशा, एक खिडकी, लांब टेबल आणि त्याखाली पत्र्याची बादली. मालकीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या. चाळिशीच्या, नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या, आणि चाखण्याच्या बाबतीत पूर्णपणे मामावर विसंबून असलेल्या. जुन्या मालकांची ही मुलगी लहानपणी याच टेबलावर गृहपाठ करायची आणि मामाला तेव्हापासून काका म्हणते. मामानं माझी ओळख करून दिली की ही भाची, पाण्याची जाणकार, मदतीला आणलीय. बाईंनी मान डोलावली.

त्या खोलीचा एक नियम आहे. पेले भरले की कागद टेबलावर ठेवेपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाच्या तोंडचा शब्द दुसऱ्याच्या जिभेवर बसतो म्हणून. आमच्या बेताला हा नियम सोयीचाच होता. मी मामाच्या उजवीकडे बसायचं, मोठ्या अक्षरात लिहायचं, आणि मामानं सगळे सोपस्कार करून माझं बघून उतरवायचं.

पहिला पेला. वास जवळजवळ नाही, पण घोट फिरवल्यावर पुठ्ठा आला. मी ‘शेपूट’ लिहिलं. दुसरा स्वच्छ होता, पण आत काहीच नव्हतं. ‘मचूळ’. मामा शेजारी हुंगत होता, भुवया उचलत होता, घोट बादलीत टाकत होता. मला माहीत नसतं तर मीही फसले असते.

तिसऱ्या पेल्यात मला काहीच सापडेना. मी खोट शोधत होते, कारण पगार त्याचाच घेते. ओंजळीत चोळून हुंगली, पाणी घालून चाखली, न घालता चाखली. कुठे टोचत नव्हती, कुठे चिकटत नव्हती. मग हळूच गहू आला, मग विहिरीचं पाणी, आणि ते जिभेवर इतका वेळ राहिलं की मी खिडकीबाहेर बघत बसले. चार दिवस ज्या प्रश्नाच्या मागे होते त्याचं उत्तर माझ्या तोंडात होतं. मला आनंदानं हसू येत होतं. अशा वेळी माझ्याकडे एकच शब्द आहे. बारा वर्षं मी तो लिहितेय. मी तिसऱ्या पेल्यासमोर लिहिलं: गोड.

मामानं माझ्या कागदाकडे पाहिलं आणि त्याचं पेन थांबलं. चेहरा उतरला. मला वाटलं, भरून आलं असेल. मग त्यानं आपल्या गोल अक्षरात सावकाश लिहिलं, गोड, आणि खाली सही केली.

बाईंनी दोन्ही कागद वाचले. मग मामाचा पुन्हा वाचला. “काका, तिसरी गोड आहे?”

“हो.”

“तिसऱ्या टाकीची किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्याकडेच.”

मी बाजूला बसून वेड्यासारखी हसत होते. मला वाटलं आता अभिनंदन होणार. बाईंनी विचारलं की साखर केव्हा घातली, आणि माझं हसू तिथेच राहिलं. मामा खाली बघून म्हणाला की त्याला आठवत नाही, कशी पडली सांगता येत नाही, पण गोड आहे म्हटल्यावर आहे. टाकी त्याची, किल्ली त्याची, तेव्हा दोषही त्याचाच.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या धंद्यात या शब्दाला एकच अर्थ होता, आणि तो शिवीच्या जवळपासचा होता. मामानं मला शब्द तुझेच लिही म्हणून बजावलं होतं, आणि दुकानातल्या पाच बाटल्यांत एकही या शब्दाच्या लायकीची निघाली नव्हती, त्यामुळे माझ्या तोंडून तो त्यानं ऐकलाच नव्हता. चौथ्या बाटलीचं गुळचट त्याला आठवायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला काय आठवणार? त्यानं माझ्या जिभेवर भरवसा ठेवला, तोही इतका, की आपल्या पस्तीस वर्षांच्या हातांना त्यानं खोटं ठरवलं. मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही आला.

बाई फोन उचलून तिसरी टाकी रिकामी करायला सांगणार होत्या. मी म्हटलं, “थांबा. विहिरीचं पाणी गोड असतं ना, तशी गोड आहे ती. साखरेची नाही. साखरेला मी गुळचट म्हणते, मामाला विचारा.”

बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. मामाला वाचवायला भाची शब्दांचे खेळ करतेय, हे त्या बोलल्या नाहीत, पण ते ऐकू आलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. म्हणून मी म्हटलं की माझ्यावर ठेवू नका, बशीवर ठेवा.

हे मी रोज करते. पाणी आटवायचं आणि मागे काय उरतं ते बघायचं. शेजारच्या प्रयोगशाळेतून दोन चिनी मातीच्या बशा आणल्या. एकीत तिसऱ्या टाकीची वोडका घातली. दुसरीतही तीच, पण तिच्यात बाईंनी स्वतःच्या हातानं चिमूटभर साखर टाकली. दोन्ही बशा उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवून खिडकी सताड उघडली. मग आम्ही तिघं उभ्यानं बघत राहिलो. अर्धा तास कुणी बोललं नाही, आणि त्या वेळी तसा नियमही नव्हता. मामा बशांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

साखरेच्या बशीत चिकट थर उरला. दुसरी बशी धुऊन ठेवल्यासारखी कोरडी. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं, पुन्हा फिरवलं. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला. मी सुटले असं मला वाटलं.

मग त्या मामाकडे वळल्या. हळूच म्हणाल्या, “हिचा शब्द चुकला, ते कळलं. पण काका, तुम्हीही चाखलीत. साखर नाही हे तुम्हाला का कळलं नाही?”

मी त्याला वाचवायला निघाले होते आणि बरोबर खड्ड्याशी आणून उभं केलं होतं. सर्दी झालीय, असं मी म्हणणार होते, तोंड उघडलंही होतं. मामानं हातानं मला थांबवलं.

“मला काही कळलं नाही,” तो म्हणाला. “आठ महिने झाले, मला कशाचाच वास येत नाही, जिभेला गोडही कळत नाही.”

बाई खुर्चीत बसल्या. त्या चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या दुखावल्या होत्या. आठ महिन्यांच्या सह्यांवर मी बाटल्या विकल्या, म्हणाल्या, तुम्ही मला सांगायला हवं होतं. मामा म्हणाला, सांगितलं असतं तर ही खुर्ची गेली असती. बाई म्हणाल्या, ती गेलीच आहे. बाटलीवर सही छापली जाणार नाही, आणि आजपासून कागदावरही नको. मामानं मान डोलावली. त्याला ते पटलं होतं, हे मला दिसत होतं, आणि तेच बघवत नव्हतं. त्यानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी ती उचलली नाही. त्यांनी तिसरा पेला जवळ ओढला, नीट हुंगला आणि एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. मग त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला, आणि मला त्या एकदम आवडल्या, कारण तो मला पडायला हवा होता. नाक नसताना ही बनवलीत कशी?

मामा गोंधळला. याचा त्यानंही विचार केला नसावा. म्हणाला, आवाजावर. कोळशातून थेंब पडतो त्याचा आवाज असतो. घाई झाली की टपटप होतं, बरोबर चाललं की दोन थेंबांच्या मध्ये एक श्वास मावतो. कुठे कापायचं ते नळी हाताला किती गरम लागते त्यावर. नाक गेल्यापासून तो दिवस दिवस टाकीशी कान लावून बसत होता. आधी कधी एवढं लक्ष द्यायची गरजच पडली नव्हती.

बाईंनी पेला खाली ठेवला. शेवटी म्हणाल्या की खास बाटलीत तिसरीच भरायची, सहीशिवाय. चाखायला दुसरं माणूस बघू, तोवर दर गुरुवारी भाचीला पाठवा, तिचे शब्द मात्र आधी समजावून घ्या. आणि किल्ली बोटानं मामाकडे सरकवली. “गाळायचं काम तुम्हीच बघा, काका. खुर्ची तेवढी मी घेतली.”

त्या बशा घेऊन बाहेर गेल्या. मामा आणि मी राहिलो. साडेअकरा झाले होते, खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. मामानं किल्लीकडे पाहिलं, पण उचलली नाही. त्यानं उरलेला तिसरा पेला हातात घेतला, सवयीनं गोल फिरवला, नाकाशी नेला, घोट घेतला, आणि सवयीनंच बादलीकडे वाकला.

मी पायानं बादली टेबलाच्या पलीकडे ढकलली.

तो तोंड भरलेलं तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. डोळे मोठे झाले. मी पावाचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला आणि सांगायला लागले. आधी काहीच नाही, मामा, नुसतं स्वच्छ. मग दळणाचा गरम डबा उघडल्यासारखा गहू. मग तुमची विहीर, सकाळची, कुणी पाणी काढायच्या आधीची. मी सांगत गेले, आणि मध्येच त्याचा गळा हलला.

तो छातीवर हात ठेवून बसला. मला भीती वाटली आणि मी काय होतंय म्हणून विचारलं.

“इथपर्यंत गरम जातं गं,” तो म्हणाला. “पस्तीस वर्षं बनवतोय, आणि हे मला माहीतच नव्हतं.”

डोळे पुसून त्यानं पेला पुढे केला. मी नमुन्याच्या बाटलीतून थोडी ओतली. त्यानं पेला फिरवला नाही, हुंगला नाही, सरळ ओठांना लावला, आणि मला म्हणाला, गव्हापासून परत सांग.